आमच्या घरातलं कंपनीचं मशीन

धाकट्या भावाचा उजवा हात कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेला, तेव्हा त्याचं लग्नही ठरायचं होतं. त्यानंतर धायरीच्या आमच्या घरात तो दिवसदिवस भिंतीकडे तोंड करून पडून असायचा. त्याचा आवडता गेमचा कन्सोल टीव्हीखाली धूळ खात होता. कंट्रोलर दोन हातांचा, त्याला काय उपयोग?

एक दिवस तो उठला आणि कन्सोल उघडून बसला. ते मशीन बाहेरचा कंट्रोलर स्वीकारत नसे, म्हणून त्यानं आत एक चिप बसवली आणि पायानं दाबायची दोन पेडल्स जोडली. डावा हात आणि दोन पाय एवढ्यावर तो गाडी पळवायला लागला. नागपूर, कोल्हापूर, कुठकुठली मुलं त्याच्याशी ऑनलाइन शर्यती लावायची. त्याला उजवा हात नाही, हे त्यांच्या गावीही नव्हतं. हरला की तो तावातावानं भांडायचा आणि आई स्वयंपाकघरात खूश व्हायची.

मग कंपनीचं अपडेट आलं. पडद्यावर एवढंच उरलं: अनधिकृत बदल आढळल्यामुळे हे उपकरण कायमचे बंद करण्यात आले आहे.

मी त्याला घेऊन सर्व्हिस सेंटरला गेले.

"चिप बसवून लोक चोरीचे गेम खेळतात, मॅडम," मॅनेजर म्हणाले.

"ह्याचे सगळे विकतचे आहेत. तपासून घ्या."

"तो प्रश्नच नाही. मशीन तुमचं, पण आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं. तुम्हाला ते फक्त वापरायला दिलंय. करारात आहे तसं."

"म्हणजे आम्ही नुसता डबा विकत घेतला?"

"तसं समजा."

भाऊ म्हणाला, "चिप काढतो. मग खेळू कशानं, ते आपण सांगा."

मॅनेजरनी त्याच्या रिकाम्या बाहीकडे पाहिलं आणि लगेच नजर कॉम्प्युटरकडे वळवली. "ओरिजिनल कंट्रोलरच वापरावा लागेल."

मी आयटीत काम करते. सॉफ्टवेअरची चोरी म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. पण इथं कुणी काय चोरलं होतं? मी कंपनीच्या मुख्य कार्यालयाशी भांडत राहिले. शेवटी त्यांच्या वकिलांचा फोन आला. माणुसकी म्हणून नवीन मशीन देऊ म्हणाले. फक्त पुन्हा त्यात काही बदल करणार नाही, असं लिहून द्यायचं. माणुसकी! मी फोन आपटणार, तेवढ्यात भावानं तो माझ्याकडून घेतला.

"माझ्या पायांनी चालणारं मशीन तुम्ही बंद केलंत. तेच चालू करून द्या. दुसरं नको."

त्यांनी दिलं नाही. त्यानंही सही केली नाही.

आता त्यानं एक जुनाट कन्सोल मिळवलाय, इंटरनेट नसलेला. पेडल्स त्याला जोडलीत. शर्यत लागते ती मशीनशीच. तो बहुतेक वेळा जिंकतो. पण हरवल्यावर समोरून कुणी शिव्या देत नाही, त्यामुळे दोन डाव झाले की बंद करतो.