फडक्याचं पाणी

जंगल संपून जिथे लाल मातीचा रस्ता सुरू होतो, तिथे पत्र्याची एक शेड आहे. त्या शेडमध्ये काम करणाऱ्या एका बाईला सगळे नाकवाली म्हणत. नाक काही मोठं नव्हतं, उलट बसकंच होतं. पण मधाच्या डब्याचं झाकण उघडलं की ती नुसत्या वासावरून सांगायची, माश्या कोणत्या झाडावर चरून आल्या, पोळं कड्याच्या उन्हाच्या अंगाला होतं की सावलीच्या, आणि कापणाऱ्याने धूर बेताचा दिला की घाबरून जास्त. कापणारा तिचाच नवरा. तो म्हणायचा, "माझी मोठी पंचाईत आहे. कुठे बसून आलो ते हिला सदऱ्यावरून कळतं." बाया खो खो हसायच्या आणि नाकवाली नाक मुरडून पुन्हा कामाला लागायची.

तिचा नवरा कड्यावर उतरायचा तो कमरेला दोर बांधून. वर एका जुन्या झाडाच्या बुंध्याला दोराचा वेढा दिलेला असायचा आणि तो दोर धरून बसायचा नाकवालीचा धाकटा भाऊ. त्या लोकांत हे काम बायकोच्या भावाचंच. ज्याच्या बहिणीचा संसार खाली लोंबकळतोय, त्याचं लक्ष इकडेतिकडे जात नाही, असा साधा हिशेब. बायकोने मात्र दोर धरायचा नाही. बायको खाली बघते, आणि खाली बघितलं की हात सुटतो.

शेड आली त्याला तीन वर्षं झाली. त्याआधी मध विकत घ्यायला एक व्यापारी यायचा. बोट बुडवायचा, चाखायचा, तोंड वाकडं करायचा आणि मनाला येईल तो भाव सांगायचा. मग जंगलातल्या लोकांना धंदा उभा करून देणाऱ्या कचेरीतून एक साहेब आले. मनाने चांगला माणूस, पण बोलताना सारखा चष्मा पुसायचे. त्यांनी सिमेंटची जमीन घातली, स्टीलचं टेबल आणलं, निळे ड्रम आणले. शहरातली कंपनी गाठून दिली. अट एकच होती. तिसऱ्या वर्षी तीन ड्रम चोख मध कंपनीने घेतला, तर शेड कायमची गावाची. नाही घेतला, तर शेडला कुलूप आणि सामान दुसऱ्या गावाला.

ह्या अटीला आणखी एक गाठ होती, ती फक्त घरच्यांना ठाऊक. भावाला बोगद्याच्या कामावरून बोलावणं आलं होतं. तो म्हणाला होता, "ताई, ड्रम गेले तर मी कुठे जात नाही. नाही गेले तर मला अडवू नकोस. पोरांना काय जंगलाची हवा खायला घालू?" भाऊ गेला की दोर धरायला कुणी नाही. दोर नाही तर कडा नाही, आणि कडा नाही तर तिचा नवरा नुसता दारात बसून गुडघे चोळणारा माणूस.

म्हणून त्या वर्षी नाकवालीने शेड अगदी डोळ्यांत तेल घालून सांभाळली.

आता फडक्याची गोष्ट सांगितली पाहिजे. मध गाळला की गाळायच्या फडक्यात थोडा चिकटून राहतो. ते फडकं बादलीभर पाण्यात पिळायचं आणि ते गोड पाणी सगळ्यांनी वाटून प्यायचं, ही तिथली फार जुनी चाल. जमिनीवर ओतायचं नाही. माशीने एवढी वणवण करून आणलेलं मातीत घालायचं म्हणजे पाप, असं म्हातारी माणसं पोरांना शिकवायची. पण शेड आल्यावर त्या पाण्यावरून भांडणं लागली. कुणाच्या घरी दोन तांबे जास्त गेले, कुणी मुद्दाम मध नीट निथळू न देताच फडकं पिळलं. एकीने दुसरीच्या झिंज्या धरल्या. तेव्हा नाकवाली टेबलावर हात आपटून म्हणाली, "बास! आजपासून मधाचा थेंब शेडच्या उंबऱ्याबाहेर जाणार नाही. फडक्यातलासुद्धा नाही."

साहेब खूश झाले. त्यांनी ते वाक्य खडूने फळ्यावर लिहून ठेवलं. नाकवाली लिहायला-वाचायला बेताचीच शिकलेली, पण ते वाक्य ती येताजाता वाचायची. आपण बोललो आणि ते भिंतीवर गेलं, ह्याचं तिला फार अप्रूप होतं.

फडकी धुण्याचं काम मावशीकडे होतं. नात्याने ती कुणाचीच मावशी नव्हती. माणूस नाही, मूल नाही, कानाने जरा कमी. शेडमध्ये सगळ्यांत आधी यायची आणि सगळ्यांत शेवटी जायची.

ट्रक यायच्या दिवशी सकाळी नाकवालीने पहिल्या ड्रमचं झाकण सैल केलं. फुस्स् करून हवा सुटली. मधावर साबणासारखा फेस होता आणि त्यातून आंबूस वास आला.

खरं सांगायचं तर तो वास तिला चार दिवसांपूर्वीच आला होता. शेडचं दार उघडताना, अगदी पुसटसा. तेव्हा तिने स्वतःला समजावलं होतं, ह्या वर्षी फुलंच तशी असतील. उभ्या आयुष्यात तिने नाकावर अविश्वास दाखवला तो तेवढा एकदाच. आता ती तिसरं झाकण उघडून उभी होती आणि त्यातूनही तोच वास येत होता.

साहेब आले. त्यांनी मधाचा थेंब काचेच्या यंत्रावर ठेवला, यंत्र डोळ्याला लावलं. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मग दुसरा ड्रम, मग तिसरा.

"पाणी आहे," ते म्हणाले. "तिन्हींत. आंबलाय सगळा."

"आमच्या मधात पाणी?" एक बाई उसळली. "साहेब, तोंड सांभाळून. आम्ही दूधवाले आहोत का?"

"मी नाही म्हणत. यंत्र म्हणतंय."

मग एकच गलका झाला. जी ती आपल्या पोराबाळांची शपथ घेऊ लागली. कोपऱ्यात मावशी ओल्या फडक्याची घडी घालत होती. कुणीतरी तिच्या कानाशी जाऊन ओरडलं, "मधात पाणी घातलंय कुणी तरी!"

"पाणी?" मावशी दचकली. "छे! पाणी कोण घालेल? मी फक्त फडक्याचं घालते."

नाकवालीने हातातलं झाकण खाली ठेवलं आणि तिच्याकडे बघितलं.

"अगं, अशी काय बघतेस?" मावशी नाकवालीकडे वळली. "जमिनीवर ओतायचं नाही, हे माझ्या आईने सांगितलं. बाहेर न्यायचं नाही, हे तू सांगितलंस. मग ओतू कुठे? रोज तीन तांबे, एकेका ड्रमात एकेक. कुणाला कमी नको, कुणाला जास्त नको." आणि ती जरा हसली. आपण भांडण होऊ दिलं नाही, असं तिला वाटत होतं.

नाकवालीने फळ्याकडे पाहिलं. तिचंच वाक्य तिच्याकडे बघत होतं.

कंपनीचा ट्रक रिकामाच परत गेला. दारात चाकांचे ओले वण तेवढे राहिले. साहेब बाहेर दगडावर बसले, पिशवीतून एक कागद काढला आणि नाकवालीला जवळ बोलावलं.

"हे बघा, एकच वाट आहे. एका माणसाची चूक होती असं लिहून दिलं आणि त्या माणसाला शेडमधून काढलं, तर मी एक मुदत मागून घेऊ शकतो. पंधरा दिवस. तीन ड्रम नाही, एकच. पण चोख. कुणाचंच नाव दिलं नाही तर सगळ्यांचीच चूक धरतात. मग माझ्याही हातात काही नाही."

"काढलं म्हणजे?"

"पुन्हा पाऊल टाकायचं नाही आत."

मावशी दारात उभी होती. तिला ऐकू गेलं नव्हतं, पण लोकांचे चेहरे तिला वाचता येत. "काय म्हणतायत गं?" ती विचारत होती. "फडकी जास्त घासून धुवायची का?"

नाकवालीने पेन घेतलं. तिला अक्षरं काढायला वेळ लागला. साहेबांनी कागद वाचला आणि चष्मा काढून हातातच धरला.

"अहो, हे तुमचं नाव आहे. तुम्ही नाही ओतलंत."

"ओतायला जागाच ठेवली नाही मी. ते फळ्यावर आहे ना? तुमच्याच अक्षरात आहे."

साहेबांनी कागद घडी करून पिशवीत ठेवला. ती उठली, कमरेची किल्ली काढून त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि शेडकडे मागे वळून न बघता चालू लागली. मोठेपणा वगैरे काही नव्हता त्यात. बायांना तिचा चेहरा दिसू नये, एवढंच तिला हवं होतं.

घरी भाऊ गाठोडं बांधून बसला होता. बातमी तिच्याआधी पोहोचली होती.

"पंधरा दिवस थांब रे," ती म्हणाली. "एकच ड्रम आहे. मोठा कडा अजून कापलेला नाही."

"मागच्या वर्षीही पंधरा दिवसच म्हणाली होतीस, ताई."

"पाया पडते तुझ्या."

"नको असं करूस." त्याने तोंड फिरवलं. "उद्या सकाळी गाडी आहे. चुकली तर माझ्या जागी दुसरे दहा उभे आहेत. तुझ्यासाठी थांबेन गं, पण बायकोला काय सांगू? शेड होती तेव्हा सांगायला काही होतं. आता तर तुलाच आत घेत नाहीत."

हे तो रागाने बोलला नाही, म्हणूनच तिला जास्त लागलं. तिने त्याच्या गाठोड्याची सुटलेली गाठ आवळून दिली. दुसऱ्या दिवशी उजाडताच तो गेला. जाताना दोर खुंटीवरून काढून त्याने भाऊजींच्या हातात दिला आणि म्हणाला, "मधे एका जागी विरलाय. गाठ मारून घ्या."

नवरा उन्हात बसून त्या विरलेल्या जागेवर अंगठा फिरवत होता. मग म्हणाला, "झालं. गुंडाळून ठेव माळ्यावर."

"मी धरते."

"वेड लागलंय का?"

"शेडमध्ये मला काम नाही. हात रिकामेच आहेत."

"तू खाली बघशील."

"डोळे मिटून घेईन."

तो हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "आणि मी पडलो तर?"

"तर मला वास येईल," ती म्हणाली. हा विनोद होता की काय, हे दोघांपैकी कुणालाच कळलं नाही.

मोठ्या कड्यावर वारा चांगला होता. तिने बुंध्याला वेढा दिला, टाचा खडकात रुतवल्या, दोर तळव्यांवर घेतला. भाऊ नेहमी सांगायचा ते आठवलं. एक हिसका म्हणजे सैल सोड, दोन म्हणजे ओढ. नवरा कड्याच्या काठावर गुडघे टेकून बसला. तिच्याकडे एकदा बघितलं आणि मागे मागे सरकत दिसेनासा झाला.

तिने डोळे मिटले. एक हिसका. सोडला. पुन्हा एक. सोडला. दोर वजनाने कुरकुरत होता आणि विरलेल्या जागी नवऱ्याने मारलेली गाठ तिच्या बोटांखालून सरकून पुढे गेली. मग धुराचा वास आला. आधी बेताचा, मग जास्त. तो घाबरला होता. एवढा, बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मग दोर स्थिर झाला. हिसका येईना. तिच्या हाताला घाम फुटला. खाली बघावं म्हणून मान आपोआप वळू लागली, तशी तिने हनुवटी खांद्यात खुपसली आणि वास तेवढा हुंगत राहिली. धूर, खडक, ओलं शेवाळं. मग अगदी हलका, मेणाचा. कापलेल्या पोळ्याचा. त्यात आंबूसपणा नव्हता.

मधाचा डबा वर ओढायची बारीक दोरी हलली. नवऱ्याचा दोर पायाखाली दाबून, नजर दोरीवरच ठेवून तिने एका हाताने डबा वर ओढला. अर्धा भरला होता. शेजारच्या घागरीत रिकामा करून तिने तो पुन्हा खाली सोडला.

ड्रम भरायला असे शंभरावर डबे लागणार होते. गाठ आता कड्याच्या काठावर, दगडाला घासत होती. तिने टाचा आणखी आत रोवल्या आणि हिसक्याची वाट बघत डोळे घट्ट मिटून घेतले.