हुबेहूब माणसाला बंदी

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या वर्षीची गोष्ट. परभणीहून ताडकळसला निघालेल्या एसटीत पांढऱ्या टोपीचा एक गृहस्थ उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "मंडळी, अमेरिकेत एका माणसासारखा हुबेहूब दुसरा माणूस करायच्या खटपटीत हायेत. त्याला बंदी घाला म्हणून देश एकमेकांची मनं वळवायलेत. आपला बी पाठिंबा पाहिजे."

मग तो एकेका सीटपाशी जाऊन बोलणी करू लागला. आधी पिकपाण्याची चौकशी, मग मुद्दा. मिरच्यांची पाटी घेतलेल्या बाई अडून बसल्या.

"दुसरी मी झाले तर बरंच की. एक शेतात, एक घरी."

"मावशी, ती बी तुमच्यासारखीच निघल. म्हणल, तूच जा शेतात."

बाईंनी हसत हात वर केला. बैलांना बंदीतून सूट दिल्यावर शेतकरीही राजी झाले.

मी विचारलं, "तुम्हाला एवढी कळकळ का?"

"मी जुळा हाय, साहेब. खोड्या भावानं केल्या, मार मी खाल्ला. आमी तरी देवाच्या नजरचुकीनं झालोत. मुद्दाम कशाला करायलेत?"

ताडकळसला उतरलो तर समोर तोच चेहरा, तशीच टोपी.

"ह्यो माझा भाऊ," माझ्यामागून उतरत तो गृहस्थ म्हणाला. "सगळी गाडी वळली, ह्योच वळंना."

"कसा वळू?" भाऊ म्हणाला. "तू परभणीला गेलास की मला जेवण गोड लागंना."

गाडीभर लोकांना पटवणाऱ्या त्या मुत्सद्द्यानं हातातली पिशवी भावाकडं दिली आणि दोघं एकाच चालीनं बाजाराकडं गेले.