ओब्दुलियाची चकचकीत फरशी

आमच्या ओब्दुलियाची अख्खी हयात बारांकिया शहरातल्या श्रीमंतांच्या फरश्या पुसण्यात गेली. घरी आली की पुन्हा तेच. "अगं, फरशीचा रंग जाईल," मी म्हणायची. "तुझ्या ओठांचा जात नाही, मग फरशीचा कसा जाईल?" असलं तिचं तोंड!

गल्लीच्या टोकाला जुन्या बॅटऱ्या वितळवायची भट्टी आहे. ओब्दुलियाचं घर तिला अगदी लागून. तिच्या नातवाच्या, दोन वर्षांच्या नेरेओच्या रक्तात शिसं निघालं. भट्टीवाला म्हणतो, "तुमच्या भिंतींच्या जुन्या रंगातून आलं असेल." लबाड मेला! खरं-खोटं करायला विद्यापीठातली मार्सेला गल्लीतल्या घरांची धूळ तपासणार होती. आठवडाभर झाडायचं नाही, मग ती येऊन जमिनीवरची धूळ यंत्रानं ओढून नेणार, तिच्यात शिसं किती, पोराच्या पोटात रोज किती जातं, ते काढणार. बायकांना हे समजावायचं काम माझ्या गळ्यात. ओब्दुलियाला तर मी हात जोडले, "बाई गं, सगळं तुझ्या घरावर आहे. झाडूला हात लावलास तर बघ!" तिनं मान डोलावली.

आज सकाळी मार्सेलाला घेऊन गेले. दार उघडताच फिनेलचा भपकारा! फरशीत तोंड दिसत होतं. पंख्याची पाती, खिडकीच्या कडा, पलंगाखाली, कुठं म्हणून कण नाही. मार्सेलानं तरी यंत्र फिरवलं. पिशवी कोरीच राहिली.

माझं डोकंच फिरलं. "अक्कल गहाण ठेवलीस का गं? पाहुणी येणार म्हणून घर घासलंस? आता तो भट्टीवाला मिशीला पीळ देत फिरेल!"

"पाहुणीसाठी नाही," कॉफी ओतता ओतता ती म्हणाली. "रोजच पुसलं."

"रोज? मग मान कशाला डोलावलीस?"

"तू ऐकतेस का कुणाचं?" मग ती मार्सेलाकडे वळली. "पोरी, सभेत तूच सांगितलंस ना, शिसं धुळीत असतं, पोरं जमिनीवर खेळतात आणि हात तोंडात घालतात म्हणून?"

"हो, मावशी."

"मग आठवडाभर मी धूळ साचू देऊ? तू दिली असतीस?"

मार्सेला यंत्राची वायर गुंडाळत राहिली. कपाळ माझं! चिडायचं तरी कुणावर? शेवटी मार्सेलाच हळू आवाजात म्हणाली, धूळ नाही तर हे घर तपासणीतून बाद. बाकीची घरं लांब आहेत, तेवढ्यावर भट्टी बंद होणार नाही.

"पण मी पुसते ना रोज," ओब्दुलिया म्हणाली. "आता त्याच्या पोटात जात नसेल. हो ना?"

मार्सेला म्हणाली, "ते मोजल्याशिवाय कसं सांगू?"

तेवढ्यात नेरेओच्या हातातली मक्याची अरेपा खाली पडली. त्यानं ती उचलली आणि तोंडाकडे नेली. त्या चकचकीत फरशीवरून आम्ही तिघीही एकदम त्याच्याकडे धावलो.