आईचे हातमोजे

दोरीवर आईचे रबरी हातमोजे वाळत आहेत. वारा आत शिरला की त्यांची बोटं फुगतात, आणि कुणीतरी हात वर करून थांबायला सांगतंय असं मला वाटतं.

आई नगरपालिकेत कंत्राटी सफाई कामगार आहे. पगारवाढ आणि हातमोजे मागत त्यांची युनियन पावसाळाभर नगरपालिकेच्या दारात बसली. पगारवाढ मिळालीच नाही. हातमोजे मिळाले, पण सगळे पुरुषांच्या मापाचे. ते घातले की आईच्या हातातून झाडू निसटतो. मुकादम हसून म्हणाला, "मावशी, आता हात वाढवून द्यायला सांगा युनियनला."

तेव्हापासून ती मोजे कमरेला खोचून नेते आणि कचरा उघड्या हातांनी उचलते. काल काचेने तिचा तळहात चिरला. मोजे असून घातले नाहीत, म्हणून चूक तिचीच ठरली. माणसाचं माप न घेता दिलेल्या गोष्टीला हक्क म्हणावं का, मला नीट सांगता येत नाही.

"उद्या बदली माणूस दिला नाही तर काम जाईल," आई म्हणाली. माझ्या कॉलेजच्या पिशवीकडे बघून तिने पट्टी बांधलेला हात पदराआड घेतला.

मी दोरीवरचे मोजे काढून हातांत घातले. मला ते अगदी बरोबर बसले.