तिने टेबल हलवलं नाही

रियाधच्या अल मलाझ भागातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी नर्स आहे. छातीच्या वॉर्डात माझ्या जोडीला ट्युनिशियाची एक नर्स आली. उंच, मोठ्या आवाजाची, आणि डॉक्टरांशीही मान वर करून बोलणारी. तिचं गाव समुद्राला टेकलेलं. खजुरीचं बन थेट लाटांपर्यंत गेलेलं, झाडांखाली डाळिंबं, डाळिंबांखाली भाजी. आणि गावाच्या उशाशी खताचा कारखाना.

आमच्याकडे दरवर्षी 'देशांचा दिवस' असतो. प्रत्येक देशाच्या माणसांनी एकेक टेबल सजवायचं. आम्ही समोसे आणि ताजमहालाचं चित्र मांडलं होतं. तिला मॅनेजरने निळ्या समुद्राचे, पांढऱ्या घरांचे फोटो आणून दिले होते. तिने ते टेबलाखाली सरकवले आणि वर दोन ताटल्या ठेवल्या. एकीत इथले टपोरे खजूर, दुसरीत तिच्या आईने घरून पाठवलेले. खारकेसारखे वाळलेले, करडे डाग पडलेले. मागे तिच्या भावाने काढलेला किनाऱ्याचा फोटो लावला होता. पाणी डांबरासारखं काळं.

एका सौदी डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हे असे का गं?"

"विहिरींचं पाणी कारखान्याने ओढलं, समुद्रात गाळ सोडला. वारा फिरला की शाळेतली पोरं धापा टाकतात. कारखाना बंद झाला तर खायचं काय, आणि चालू राहिला तर श्वास कसा घ्यायचा? तरणी मुलं नावेत बसून इटलीला जातात. काही पोचतात."

भोवती गर्दी जमली. मग मॅनेजर आला. तो भारतीय, तिच्याशी इंग्रजीत बोलला. "सिस्टर, हा आनंदाचा कार्यक्रम आहे. खलास, काढा हे."

"हा माझा देश आहे. तुम्ही सांगितलंत, देश मांडा."

"हॉस्पिटलचे मोठे साहेब येतायत. तुमचं कॉन्ट्रॅक्ट लवकरच माझ्यापुढे येणार आहे, विसरू नका."

"नाही विसरत." ती खुर्ची ओढून बसली. "साहेबांनाही सांगते."

मॅनेजर माझ्याकडे वळून हिंदीत म्हणाला, "तुम समझाओ इसको."

मला आमची खाडी आठवली. रायगडातली. माझे अब्बा तिथे जाळं टाकायचे. वरच्या अंगाला केमिकलची कंपनी आली, आणि जिताडा माशाला असा वास यायला लागला की बाजारात गिऱ्हाईक पाटी हुंगून पुढे जायचं. अब्बांनी होडी विकली आणि त्याच कंपनीच्या गेटवर वॉचमन झाले. कोणी गाव विचारलं की मी 'मुंबईजवळ' म्हणते, एवढंच.

मी माझी खुर्ची उचलली, तिच्या टेबलापाशी नेली आणि बसले. "सर, माझ्या गावाचं पण हेच आहे," मी म्हणाले.

साहेब आले. तिने त्यांना डागाळलेला खजूर पुढे केला. त्यांनी तो तोंडात टाकला, चावला, आणि बराच वेळ तो फोटो बघत राहिले. मग पुढच्या टेबलाकडे गेले. मॅनेजरने पुन्हा टेबलाला हात लावला नाही.

पुढच्याच महिन्यात तिच्या गावात बायका कारखान्याच्या फाटकावर धरणं धरून बसल्या. तिने रजा मागितली. मॅनेजरने नाकारली. ती राजीनामा टाईप करून त्याच्यापुढे उभी राहिली. छातीच्या वॉर्डात तिच्याइतकी हुशार नर्स मिळणार नव्हती, हे त्यालाही ठाऊक होतं. रजा मिळाली.

ती परत आली तेव्हा घसा बसला होता. अश्रुधुराने, घोषणांनी, की कारखान्याच्या हवेने, तिलाही सांगता येईना.

"बंद झाला?" मी विचारलं.

"नाही. वायू गाळायचं यंत्र बसवतो म्हणालेत. आधीही म्हणाले होते."

"मग?"

"मग काय? पुन्हा बसू. आई म्हणाली, त्यांना वाटतं आम्ही दमू. आम्ही तर निम्म्या श्वासावर जगायला शिकलोय, दमणार कसल्या!"

मी हसले. ती हसली नाही.

गेल्या आठवड्यात माझ्या भावाचा गावाहून फोन आला. कंपनी वाढवायची आहे, त्यासाठी जनसुनावणी ठेवली आहे. त्याचा मुलगा तिथे कामाला लागायच्या बेतात आहे.

"आपा, तुम्ही लांब आहात तेच बरं. इथे कोणी बोलत नाही," तो म्हणाला.

"मी येतेय. रजा टाकलीये."

"पोराची नोकरी जाईल."

"जाईल कदाचित. त्याला माझ्याजवळ बसव, दोघं मिळून विचारू, नोकरी आणि खाडी एकत्र का नाही देत म्हणून."

तो म्हणाला, "माईक देणार नाहीत तुम्हाला."

"नको देऊ देत," मी म्हणाले. "वॉर्डात माझा आवाज टोकाच्या खाटेपर्यंत जातो."