बर्फाच्या गाडीतला थंड काटा

हसू नका असं मी म्हणणार नाही, कारण तुम्ही हसणारच. फक्त तोंडातला चहाचा घोट आधी गिळून घ्या. मागे एकाला हे सांगताना ठसका लागला, तो आळ अजून माझ्यावर आहे.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. माझा मेहुणा वसंता, म्हणजे हिचा धाकटा भाऊ, एका म्हाताऱ्या ट्रकचा मालक आणि ड्रायव्हरसुद्धा. मालाडच्या कारखान्यातून बर्फाच्या लाद्या भरायच्या आणि खारदांड्याला हिराबाई कोळणीकडे पोचवायच्या, हा त्याचा रोजचा धंदा. पण अंधेरीच्या गर्दीत ट्रक अडकला की इंजिन तापायचं. मग पार्ल्याला थांबा, बॉनेट उघडा, इंजिन निवायची वाट बघा, पाणी ओता. तोवर मागे लाद्या पाझरून निम्म्या.

हिराबाईने शेवटी त्याला विचारलं, तू बर्फ आणतोस की सरबत? आठ दिवस बघते म्हणाली, नाहीतर दुसरी गाडी लावते. त्या दुपारी वसंता आमच्याकडे आला आणि भाताला हात न लावता बसून राहिला. वसंताने ताट सरकवलं म्हणजे काय वेळ आली असेल, ते आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

आता मी कोण? एका कंपनीत स्टोअरकीपर. इंजिनाचं शिक्षण शून्य. पण मला नोंदी ठेवायची सवय आहे. आंघोळीचं पाणी किती अंशांचं, साबणाची वडी किती दिवस पुरली, सगळं माझ्या वहीत असतं. शिवाय रद्दीवाल्याकडून आणलेलं इंजिनांवरचं एक पुस्तक मी दोनदा वाचलं होतं, खाली रेघा मारून. तरी मी गप्प बसायला हरकत होती का? नव्हती. मी म्हणालो, "वसंता, इंजिन थंड करायचं माझ्यावर सोड."

हिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच म्हणाली, "अहो, तुम्ही उघडलेला मिक्सर अजून पिशवीत आहे."

मिक्सर वेगळा, ट्रक वेगळा, असं मी तिला समजावलं.

रविवारी कामाला लागलो. इंजिनात थर्मोस्टॅट नावाचं एक छोटं झाकण असतं, पाणी तापल्याशिवाय ते उघडत नाही. ते काढूनच टाकलं. भंगारातून आणलेला एक जादा रेडिएटर पुढे बसवला आणि रबरी नळ्यांनी पहिल्याला जोडला. क्लिपा दोन कमी पडल्या, तिथे तार आवळली. राहिला तापमानाचा काटा. त्याची तार इंजिनात जिथे जाते, तिथेच नेमकी माझी नवी नळी आडवी येत होती. मग मी तारेचं टोक काढलं आणि नव्या रेडिएटरच्या तळाशी मोकळी जागा होती तिथे व्यवस्थित बसवलं.

तुमच्यातले जाणकार आत्ताच हसले. थांबा जरा.

सोमवारी काटा साठावर. एरवी पंचाण्णव असायचा! वसंता पार्ल्याला न थांबता सरळ दांड्याला गेला, लाद्या अख्ख्या पोचल्या. मंगळवारी अठ्ठावन्न, बुधवारी पंचावन्न. रोज इंजिन आदल्या दिवसाहून थंड. कारखान्यातले आणखी दोन ट्रकवाले मला येऊन भेटले, आमच्याही गाडीला असंच करून द्या म्हणाले. मी पुढच्या रविवारची वेळ दिली.

वसंताने एकदा घाबरत विचारलं की गाडीखाली पाणी दिसतं, बॉनेट उघडून बघू का. मी म्हटलं, अरे, बर्फाच्या गाडीखाली पाणी नाही दिसणार तर काय दिसणार? आणि बॉनेट उघडलंस तर माझी नोंद बिघडेल. तो बिचारा बहिणीच्या नवऱ्याला काय बोलणार?

गुरुवारी मी रजा टाकून स्वतः केबिनमध्ये बसलो. मांडीवर वही, डोळे काट्यावर.

अंधेरीला वसंता म्हणाला, "भावोजी, कसलो तरी वास येता."

मी बघितलं. बावन्न. लिहून घेतलं.

पार्ल्याला म्हणाला, "भावोजी, पाय भाजतत माझे."

पाय माझेही भाजत होते. पण काटा एकोणपन्नासवर. पुस्तक, वही, काटा, तिघं एका बाजूला आणि माझे तळपाय दुसऱ्या बाजूला. मी चपला काढून पाय वर घेतले आणि म्हणालो, "काट्यावर विश्वास ठेव."

सांताक्रूझला इंजिनाने एक लांब उसासा टाकला आणि बॉनेटखालून पांढऱ्या वाफेचा लोट उठला. समोरचा रस्ता दिसेना. वसंताने गाडी कडेला घेतली. मी वाफेतून वाकून बघितलं. शेहेचाळीस.

मागे ट्रकभर बर्फ आणि पुढे भट्टी. मी एक तुकडा उचलून इंजिनावर ठेवायला धावलो. वसंताने माझा दंड धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने माझ्या अंगाला हात लावला. म्हणाला, "आता पुरे, भावोजी."

शेजारच्या गॅरेजमधून मिस्त्री आला. त्याने काट्याच्या तारेवर बोट ठेवलं आणि ती जिथे जाते तिथवर बोट नेत गेला. तळाशी पोचल्यावर त्याने माझ्याकडे वर बघितलं.

"साहेब, ताप आलेल्याच्या काखेत लावतात थर्मामीटर. तुम्ही उशाशी ठेवलेल्या माठात बुडवलात."

झालं होतं ते असं. क्लिपांऐवजी मी तार आवळली होती त्या जोडातून पाणी रोज थोडं थोडं गळत होतं. जितकं पाणी कमी, तितका माझा नवा रेडिएटर रिकामा, आणि रिकामा रेडिएटर वाऱ्याने गार. इंजिन मरत होतं आणि मी प्रगती लिहीत होतो. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या आतलं पाणी आणि वाफ अडवणारी पट्टी, जळून गेली होती.

वसंताने निरोप धाडला तशी हिराबाई स्वतःच दोन हातगाड्या घेऊन आली. आधी लाद्या उतरवून घेतल्या, मग मिस्त्रीकडून सगळं ऐकून घेतलं. वसंता हात जोडून उभा. माझ्यामुळे पोराचा धंदा बुडाला, तर हिला तोंड कसं दाखवू?

हिराबाईने माझ्याकडे बोट केलं. "ह्यो कोन?"

"भावोजी माझे," वसंता म्हणाला. "इंजिनाचं बघतात."

मग ती वसंताला म्हणाली, "बरफ तुजाच घेन. चार दिस हातगाडीवर भागवते, तवर गाडी नीट कर. पन ह्याला गाडीजवल येऊ देऊ नको."

वसंताने थोरल्या माणसाला असं कसं सांगायचं? शेवटी मीच शब्द दिला, परत हात लावणार नाही म्हणून. हिराबाईला तेवढ्याने पटलं नाही. तिने माझ्या खिशातून डोकावणारा पाना काढून घेतला आणि कमरेला खोचला.

वसंताचा धंदा चालू आहे. पाना अजून हिराबाईकडेच आहे, ती त्याने लाद्या फोडते. माझ्या हातून बर्फाच्या धंद्याला झालेली मदत म्हणायची तर तेवढीच.