पिवळं फोल्डर

आंघोळीला जाताना मी लिहीत असलेलं नाटक कॉम्प्युटरच्या पडद्यावर उघडंच ठेवून गेलो. बाहेर आलो तर खुर्चीत बायको. बचत गटाचं पत्र टाइप करायला बसलेली, अजून चष्मा पुसत होती. मी पंचा सावरत धावलो आणि दुसरं काही सुचेना म्हणून भिंतीवरचं बटणच बंद केलं. ‘लाइन गेली,’ असं सांगितलं. डोक्यावर पंखा फिरत होता.

तिनं पंख्याकडे पाहिलं आणि उठून गेली.

नाटक लपवण्यासारखं होतं, म्हणजे माझ्यापुरतं. पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत हिवाळ्यात गावोगावी बैलांच्या शर्यतींचा शंकरपट झाला की रात्री नाटक लागतं, आणि त्या कंपन्यांचा कारभार चालतो वडसा गावातून. तिथल्या एका मालकानं माझं नाटक वाचायचं कबूल केलं होतं. नाटकातल्या बाईचं बोलणं चांगलं उतरलं होतं. उतरणारच. लग्न झाल्यापासून मला घरी जे ऐकवलं गेलं, ते मी तिच्या तोंडी घातलं होतं. बायकोनं वाचलं आणि ‘हे चारचौघांत नको’ म्हटलं, तर नाटकात उरला असता फक्त नवरा, आणि तो फारसं बोलत नाही.

म्हणून फोल्डरला पासवर्ड लावायचं ठरवलं. मी लाकूड डेपोत कारकून आहे, दिवसभर किल्ल्या माझ्याच कमरेला असतात, तेव्हा कुलपाचं मला कोणी शिकवू नये असं वाटायचं. तरी एक हिंदी व्हिडिओ तीनदा पाहिला. त्यात सांगितलेला प्रोग्राम टाकला, फोल्डरवर उजवं बटण दाबलं, पासवर्ड दोनदा लिहिला. शेजारी एक नवंच चित्र उमटलं, पट्ट्यानं बांधलेल्या पुस्तकांसारखं. त्यातली फाइल उघडायला गेलो तर पासवर्ड मागितला. मुद्दाम चुकीचा दिला, तर उघडली नाही. चार-पाच वेळा चुकीचा देऊन पाहिला. मजा वाटली.

आठवडाभरानं मी चष्मा शोधत घरभर फिरत होतो. बायको पोहे निवडता निवडता म्हणाली, ‘‘मी गेली तं तुमचा चष्मा कुठी आहे, ते कोणाले माहीत राहीन?’’

चष्मा फ्रिजवर होता. पण मी जागीच थांबलो. हे वाक्य तिचं नव्हतं. अख्ख्या नाटकात बाईच्या तोंडी मी स्वतः रचलेलं तेवढं एकच वाक्य होतं ते, आणि त्याचा मला भारी अभिमान होता. ते कुलपातून निघून तिच्या तोंडी आलं कसं?

पुन्हा कॉम्प्युटर लावला. पासवर्ड विचारला. चुकीचा दिला, उघडेना. कुलूप शाबूत होतं. मग तिला पासवर्ड कळला, की मी झोपेत बोलतो? शेवटी नागपूरला शिकणाऱ्या मुलीला फोन केला. पासवर्ड काय ठेवलाय ते सांगायला लागलो तर तिनं अडवलं. ‘‘बाबा, तो सांगायचा नसतो. मूळ फोल्डर पुसलं का?’’

कोणतं मूळ? ते पिवळं? ते तर रिकामं असेल, मी म्हणालो. डेपोत एका थप्पीतला ओंडका दुसऱ्या थप्पीत गेला की पहिल्या थप्पीत उरत नाही, हे मला अगदी पक्कं माहीत आहे. मुलगी बराच वेळ हसली. मग तिनं समजावलं, की कॉम्प्युटर ओंडका हलवत नाही, तसाच दुसरा करतो. कुलूप लागलं ते दुसऱ्याला. पहिला तिथंच उघड्यावर पडलेला असतो. तो पुसायचा, कचऱ्याच्या डब्यातूनही काढायचा. पण त्याआधी पासवर्ड नीट आठवतोय ना ते पाहायचं, कारण तो विसरला तर कोणीच उघडून देत नाही.

पुसण्याआधी पिवळं फोल्डर उघडलं. नाटक होतं. शेजारी शेवटच्या बदलाची वेळ होती, आदल्या दिवशीची दुपारची. दुपारी मी डेपोत असतो.

आता मला राहवेना. पहिल्या अंकापासून वाचत गेलो. तिचे टोमणे होते तसेच होते, एकाचाही काना-मात्रा हलला नव्हता. दुसऱ्या अंकात मात्र बाई नवऱ्याशी भांडून विहिरीपाशी रडत बसते, तो प्रवेश गायब होता. त्या जागी ती चिंचा फोडत बसली होती, नवऱ्याला जेवायला वाढत नव्हती, आणि तो उपाशी नवरा आपणहून बोलायला लागला होता. पानभर बोलला होता. मला ते माझ्यापेक्षा बरं वाटलं, हे लिहायला जड जातंय.

स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय विचारावं ते ठरेना, म्हणून एवढंच म्हणालो, की हे असंच वडशाला पाठवलं तर चालेल का.

तिनं तव्यावरची पोळी उलटली. ‘‘पाठवा ना. लोकं तं मले ओळखतीनच. म्हणून तं रडनं काढलं. मी कधी रडत बसली?’’